घरच्या सोलर बॅटरीचा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर ‘युनिट’ म्हणजे एक किलोवॅट-तास, विजेच्या बिलावर मोजतात तेच. किमती रकमेत दिलेल्या नाहीत, कारण त्या जागेप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे बदलतात. हिशोबाची पद्धत मात्र सगळीकडे तीच. हातातल्या कोटेशनमधले आकडे घालत घालत वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

सोलर बॅटरी बसवायला एकूण खर्च किती येतो?

तो चार गोष्टींवर ठरतो: बॅटरी किती युनिटची, इन्व्हर्टर किती किलोवॅटचा, घरातली वायरिंग किती बदलावी लागणार, आणि वीज गेल्यावर घराचा कोणता भाग चालू राहायला हवा. पहिल्या दोन गोष्टी सगळेच विचारतात. शेवटच्या दोन कोणी विचारत नाही, आणि काम सुरू झाल्यावर बिल वाढतं ते बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच.

यादीत बॅटरी ही सहसा सर्वांत मोठी एकटी रक्कम असते. तरीही दुप्पट बॅटरी घेतली म्हणून एकूण खर्च दुप्पट होत नाही. इन्व्हर्टर, संरक्षणाची साधनं, बोर्डातले बदल, मजुरी, परवानग्या यांचा खर्च पाच युनिटच्या बॅटरीला आणि दहा युनिटच्या बॅटरीला जवळपास सारखाच येतो. म्हणूनच छोट्या सिस्टिमचा प्रति युनिट दर नेहमी जास्त दिसतो.

दोन कोटेशन समोर असतील तर एकच आकडा काढा: मजुरी आणि कर धरून पूर्ण खर्च, भागिले ती बॅटरी आयुष्यभरात प्रत्यक्ष हाती देईल ती युनिटं. खालच्या बऱ्याच उत्तरांत याच आकड्याकडे पुन्हा यावं लागेल.

कोटेशनमध्ये बॅटरीशिवाय काय काय असायला हवं?

इन्व्हर्टर तर हवाच. त्याशिवाय बॅटरीच्या अगदी जवळ बसणारा डीसी फ्यूज (डीसी म्हणजे बॅटरी आणि पॅनलकडची वीज, एसी म्हणजे घरात वापरतो ती), बॅटरी सुटी करण्यासाठी डीसी आयसोलेटर, योग्य जाडीची तांब्याची केबल आणि लग (केबलच्या टोकाला बसणारा धातूचा जोड), एकाहून जास्त बॅटऱ्या असतील तर बसबार (सगळ्या केबल एकत्र आणणारी धातूची पट्टी), डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर, अर्थिंग, आवश्यक उपकरणांसाठी वेगळा छोटा बोर्ड, देखभालीच्या वेळी इन्व्हर्टर वगळून वीज देणारा बायपास स्विच, मीटरजवळ बसून प्रवाह मोजणारा सीटी क्लॅम्प, आणि बॅटरी व इन्व्हर्टर एकमेकांशी बोलतात ती कम्युनिकेशन केबल.

यातल्या ज्या वस्तू कोटेशनमध्ये नावानिशी नाहीत, त्या एकतर बसवल्या जाणार नाहीत किंवा नंतर ‘जादा काम’ म्हणून लागतील. ‘इतर साहित्य’ अशी एकच मोघम ओळ दिसली तर फ्यूजचा प्रकार, केबलची जाडी आणि बायपास स्विच या तीन गोष्टी लिहून मागा.

५ किलोवॅट आणि ५ किलोवॅट-तास यात फरक काय?

किलोवॅट म्हणजे एका वेळी किती भार झेलतो. तो इन्व्हर्टरचा आकडा. किलोवॅट-तास म्हणजे किती साठा आहे, तो बॅटरीचा. टाकीत पाणी किती मावतं आणि तिची तोटी किती मोठी, एवढाच हा फरक.

पण तोटी बॅटरीलाही असते, आणि इथेच चूक होते. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ५.१२ युनिट. तिचा बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवून गरज पडली तर ती तोडणारं आतलं सर्किट, बहुतेक वेळा सलग १०० अँपिअरपर्यंतच देऊ देतो, आणि उत्पादकाची शिफारस अनेकदा ५० अँपिअरची असते. ५० अँपिअर म्हणजे जेमतेम अडीच किलोवॅट. अशा एकाच बॅटरीवर ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर लावून पंप सुरू केला की बीएमएस बॅटरी तोडतो आणि अख्खं घर अंधारात जातं. मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. पंप किंवा एअर कंडिशनर चालवायचा असेल तर डेटाशीटमधला ‘सलग डिस्चार्ज’ आणि ‘पीक डिस्चार्ज, किती सेकंद’ हे दोन्ही आकडे बघा.

मला किती युनिटची बॅटरी लागेल?

महिन्याच्या बिलाला तीसने भागून बॅटरी ठरवू नका. दिवसाचा वापर पॅनल थेट भागवतात. बॅटरीचं काम सूर्य उतरल्यापासून सकाळी पॅनल जागे होईपर्यंतचं, म्हणजे साधारण तेरा तासांचं.

एक उदाहरण घेऊ. फ्रिज सरासरी ५० वॅट, तेरा तास: ०.६५ युनिट. चार पंखे ६० वॅटचे, आठ तास: १.९२. सहा एलईडी दिवे १० वॅटचे, पाच तास: ०.३. टीव्ही १०० वॅट, तीन तास: ०.३. राउटर १२ वॅट, रात्रभर: ०.१६. लॅपटॉप ६० वॅट, तीन तास: ०.१८. बेरीज ३.५ युनिट.

‘साडेतीन लागतात, पाचची बॅटरी भरपूर झाली’ असं इथेच म्हटलं जातं. पुढे चला. डीसीचं एसी करताना साधारण ७ टक्के जातात, आणि इन्व्हर्टर स्वतः ५० वॅट खात असेल तर तेरा तासांत ०.६५ युनिट त्याचीच. बॅटरीतून निघाले ४.४. बॅटरी ९० टक्केच वापरायची तर ४.९ युनिटची हवी. आणि सात-आठ वर्षांनी तिची क्षमता ८० टक्क्यांवर आली असं धरलं, तर तेव्हाही रात्र निघावी म्हणून आज ६.१ युनिटची हवी. म्हणजे ५.१२ युनिटची बॅटरी पहिली काही वर्षं अगदी काठोकाठ पुरेल आणि नंतर पहाटे कमी पडेल.

अशा वेळी बॅटरी वाढवण्याआधी पंखे बघा. तेच चार पंखे तीस वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) केले तर रात्रीचे जवळजवळ एक युनिट वाचतं. तेवढी बॅटरी विकत घेण्यापेक्षा पंखे बदलणं जवळपास नेहमीच स्वस्त पडतं.

बॅटरी भरायला पॅनल पुरतील का?

पॅनलचे किलोवॅट गुणिले दिवसाचे पूर्ण उन्हाचे तास (दिवसभराचं कमी-जास्त ऊन भर दुपारच्या उन्हात मोजलं तर होतील तेवढे) गुणिले तोट्यांसाठी ०.७५ ते ०.८. तीन किलोवॅटचे पॅनल, साडेचार तास पूर्ण ऊन: साधारण साडेदहा युनिट. त्यातून दिवसाचा वापर वजा करा. उरेल ते बॅटरीत. हा हिशोब वर्षातल्या सर्वांत ढगाळ महिन्यासाठी वेगळा करा. त्या महिन्यात बॅटरी भरत नसेल तर मोठी बॅटरी घेऊन ती अर्धी रिकामीच राहील.

लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त पडते ना?

विकत घेताना पडते. रोज वापरली तर पडत नाही. हिशोब असा.

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या म्हणजे ४८ व्होल्टचा संच, कागदावर ७.२ युनिट. पण लेड-ॲसिड रोज निम्म्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून वापरायचे ३.६. शिवाय १५० हा आकडा वीस तासांत हळूहळू रिकामी केल्यावरचा असतो. चार-पाच तासांत उपसली तर त्याहून कमीच मिळतं. अर्ध्यापर्यंतच्या १२०० सायकल (एक सायकल म्हणजे एकदा भरून उपसणं) धरल्या तर आयुष्यभरात ४,३२० युनिटं. रोज एक सायकल म्हणजे सव्वातीन वर्षं.

५.१२ युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, जिला सगळे एलएफपी म्हणतात, ९० टक्के वापरली तर ४.६ युनिट देते. दहा वर्षांच्या ३,६५० सायकल आणि क्षमता घटत जाऊन सरासरी ८५ टक्के धरली, तर १४,२०० च्या पुढे युनिटं होतात. भागाकार केला की ३.३ येतो. म्हणजे एलएफपी त्या चार बॅटऱ्यांच्या संचाच्या ३.३ पट महाग असेल तेव्हा कुठे दोघींचा दर सारखा होतो. आणि यात लेड-ॲसिडला झुकतं माप दिलं आहे: क्षमतेची घट धरलेली नाही, दर सव्वातीन वर्षांनी नवा संच उचलून आणण्याची मजुरी धरलेली नाही, आणि चार्जिंगमधला तोटाही नाही. लेड-ॲसिडमध्ये घातलेल्या विजेतली १५ ते २५ टक्के परत येत नाही, एलएफपीच्या सेलमध्ये जेमतेम ५ टक्के जाते.

लेड-ॲसिड शहाणपणाची ठरते ती एकाच ठिकाणी: वीज वर्षातून मोजक्या वेळाच जाते आणि बॅटरी एरवी भरलेली उभी असते. तिथे सायकलींचा प्रश्नच येत नाही. ती वयाने मरते.

एलएफपी घ्यावी की एनएमसी?

घरासाठी एलएफपी. एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टची लिथियम बॅटरी, तेवढ्याच साठ्याला हलकी आणि लहान असते, म्हणून गाडीत तिला अर्थ आहे. भिंतीवर लटकवलेल्या बॅटरीला दहा किलो वाचवून काही मिळत नाही. एलएफपीच्या सायकल जास्त, आणि सेल बिघडून तापत जाण्याचं तापमान बरंच वर असतं. ती पेटूच शकत नाही असं मात्र कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. प्रमाणपत्रांत आयईसी ६२६१९ (लिथियम बॅटरीच्या सुरक्षेचं मानक) आहे का ते बघा. यूएन ३८.३ हे फक्त वाहतुकीचं प्रमाणपत्र आहे. ‘सुरक्षा चाचणी झाली आहे’ म्हणून तेवढंच दाखवलं जात असेल तर ते पुरेसं नाही.

‘६००० सायकल, १० वर्षं वॉरंटी’ याचा खरा अर्थ काय?

सायकलींचा आकडा बहुधा २५ अंश तापमानात, ठरावीक वेगाने केलेल्या प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. रोज एक सायकल धरली तर ६००० ला सोळा वर्षं लागतात, आणि वॉरंटी दहा वर्षांची. तेव्हा पैशांचा हिशोब वॉरंटीच्या वर्षांवर करा. पुढची वर्षं मिळाली तर ती वरकमाई.

वॉरंटीत तीन मर्यादा एकत्र असतात: वर्षं, सायकल किंवा एकूण युनिटं, आणि शेवटी उरणारी क्षमता, जी बहुतेक ठिकाणी ६० ते ७० टक्के असते. पहिल्या दोन मर्यादांपैकी जी आधी येईल तिथे वॉरंटी संपते. समजा ५.१२ युनिटच्या बॅटरीला १६ मेगावॅट-तासांची, म्हणजे १६,००० युनिटांची मर्यादा आहे. रोज ४.६ युनिट काढली तर ३,४७८ दिवसांत, म्हणजे साडेनऊ वर्षांत ती संपते. इथे फारसा फरक नाही. पण दिवसातून दोनदा भरून रिकामी केली, तर दहा वर्षांची वॉरंटी पाच वर्षांत निकाली निघते.

अटींमध्ये आणखी दोन गोष्टी शोधा. बॅटरी इंटरनेटला जोडलेली असणं सक्तीचं आहे का? आणि खराब बॅटरी काढणं, नेणं, नवी बसवणं याची मजुरी कोणाकडे? पन्नास किलोचं धूड नेण्या-आणण्याचा खर्च लहान नसतो.

पॅनल आधीपासून आहेत. नुसती बॅटरी जोडता येईल का?

येते, दोन मार्गांनी. पहिला, जुना इन्व्हर्टर तसाच ठेवून बॅटरीसाठी दुसरा इन्व्हर्टर एसी बाजूला जोडायचा. यात छतावरच्या वायरिंगला हात लागत नाही आणि काम लवकर उरकतं. पण वीज डीसीची एसी, एसीची डीसी आणि पुन्हा एसी होते, त्यामुळे तोटा थोडा जास्त. दुसरा, जुना इन्व्हर्टर काढून पॅनल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा हायब्रिड बसवायचा. तोटा कमी, यंत्र एकच, पण चालू स्थितीतलं यंत्र बाजूला ठेवावं लागतं.

आमचं मत: जुना इन्व्हर्टर चार-पाच वर्षांच्या आतला असेल तर तो ठेवा. दहाच्या पुढे गेला असेल तर त्याची बदलायची वेळ तशीही जवळ आली आहे. तेव्हा एकदाच हायब्रिड घ्या. हायब्रिडच्या बाबतीत एक गोष्ट आधी तपासून घ्या: छतावरच्या पॅनलच्या स्ट्रिंगचं (एकामागोमाग जोडलेल्या पॅनलच्या ओळीचं) व्होल्टेज नव्या इन्व्हर्टरच्या मर्यादेत बसतं का. थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं, म्हणून ओपन सर्किट व्होल्टेज (भार नसतानाचं) सर्वांत थंड सकाळचं धरायचं. मर्यादा एकदा ओलांडली तरी इन्व्हर्टर जळू शकतो, आणि ते वॉरंटीत बसत नाही.

छतावर सोलर असूनही वीज गेल्यावर घर बंद का पडतं? बॅटरी लावली की हे सुटेल?

लाईनवर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या छतावरून धक्का बसू नये म्हणून ग्रिडला (वीज कंपनीच्या लाईनला) जोडलेला इन्व्हर्टर वीज जाताच बंद होतो. हे मुद्दाम केलेलं आहे. बॅटरी लावल्याने ते आपोआप सुटत नाही. इन्व्हर्टरला बॅकअप आउटपुट हवं आणि घर ग्रिडपासून तोडणारा स्विच हवा. कोटेशनमध्ये ‘बॅकअप’ हा शब्द नसेल तर बॅटरी भरलेली असतानाही घर अंधारात राहू शकतं.

खर्च इथेच वाढतो. अख्खं घर बॅकअपवर घ्यायचं तर इन्व्हर्टर मोठा हवा. फ्रिज, दिवे, पंखे, राउटर एवढंच घेतलं तर तीन किलोवॅटमध्ये भागतं, पण त्या सर्किटांच्या वायर शोधून वेगळ्या बोर्डावर आणाव्या लागतात. घर जुनं असेल आणि दोन सर्किटांचे न्यूट्रल भिंतीत कुठेतरी एकत्र झालेले असतील, तर तेवढं सोडवायला इलेक्ट्रिशियनचा पूर्ण दिवस जातो. न्यूट्रल मिसळलेले राहिले तर गळती-प्रवाहाचा ब्रेकर सारखा पडतो, आणि मग कोणीतरी वैतागून तो काढून टाकतो. तसं कधीही होऊ देऊ नका.

आणखी एक तपासणी जवळपास सगळीकडे राहून जाते. ग्रिड तुटल्यावर न्यूट्रल आणि अर्थ यांचा जोड इन्व्हर्टरने स्वतः करायचा असतो. तो झाला नाही तर फेज उपकरणाच्या धातूला लागला तरी गळतीचा ब्रेकर पडत नाही. ब्रेकरवरचं टेस्टचं बटण दाबून हे कळत नाही, कारण ते बटण अर्थचा वापरच करत नाही. मेन बंद करून घर बॅटरीवर चालू ठेवा आणि न्यूट्रल-अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजा. एक-दोन व्होल्ट असेल तर ठीक. फेजच्या व्होल्टेजच्या निम्म्याजवळ काही दिसलं तर जोड नाही.

४८ व्होल्टची बॅटरी घ्यावी की हाय व्होल्टेजची?

५ किलोवॅट काढायचे तर ४८ व्होल्टला (वरची ५१.२ व्होल्टची बॅटरीही याच गटातली) शंभरच्या वर अँपिअर वाहतात, ४०० व्होल्टला साडेबारा. हाय व्होल्टेजला केबल बारीक लागते, तोटाही थोडा कमी. पण त्या बॅटऱ्या बहुधा एकाच कंपनीच्या इन्व्हर्टरशी बांधलेल्या असतात. कंपनीने मॉडेल बंद केलं की अडकायला होतं. ४८ व्होल्टमध्ये निवड भरपूर आणि दुरुस्ती सोपी. दहा युनिटपर्यंतची बॅटरी लागणाऱ्या घराला आम्ही ४८ च सुचवतो.

केबल आणि लगवर एवढा खर्च कशाला?

कारण बॅटरीच्या बाजूचे बहुतेक बिघाड इथेच होतात. ५ किलोवॅटला साधारण ११२ अँपिअर, सुरक्षेसाठी सव्वापट म्हणजे १४०. त्याला ३५ ते ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल लागते. सोळाची लावली तरी काम ‘चालतं’, पण केबल तापते आणि दोन्ही बाजू मिळून चार मीटरमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त पडतो.

लगचा एक जोड जवळून बघा. नीट दाबलेला आणि योग्य टॉर्कने घट्ट केलेला जोड नगण्य रोध देतो. सैल बोल्टमुळे तिथे फक्त एक मिलिओहम रोध आला तरी १०० अँपिअरला १० वॅट उष्णता एका नखाएवढ्या जागेत तयार होते. तांबं तापतं, काळं पडतं, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. काही महिन्यांत प्लॅस्टिकचं टर्मिनल वितळतं. लग हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबलेला हवा. हातोडीने चेपलेला किंवा नुसता सोल्डर केलेला लग स्वीकारू नका.

आणखी एक बचत टाळायचीच: डीसी बाजूला एसीचा एमसीबी. एसी प्रवाह सेकंदाला शंभर-एकशेवीस वेळा शून्यावर येतो, तिथे ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही, म्हणून ठिणगी तशीच जळत राहते आणि ब्रेकर वितळतो. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर वाहतात. तो प्रवाह तोडायला क्लास-टी फ्यूज योग्य, डीसीला तो २० हजार अँपिअरपर्यंत तोडू शकतो.

बॅटरीचे पैसे किती वर्षांत वसूल होतात?

वीज कंपनी तुमची जादा वीज कोणत्या दराने घेते यावर सगळं आहे. तुम्ही एक युनिट वीज १ ला विकत घेता असं धरू. बॅटरी रोज ४.६ युनिट देते, वर्षातले ३०० दिवस पूर्ण भरते: १,३८० युनिटं मिळाली. येण्याजाण्यात १२ टक्के तोटा धरला तर त्यासाठी बॅटरीत १,५६८ घालावी लागली.

ती वीज ०.४ ला विकता आली असती, तर ६२७ बुडाले आणि १,३८० वाचले. वर्षाची बचत ७५३ गुणिले तुमचा युनिटचा दर. एकूण खर्चाला या रकमेने भागा, वर्षं मिळतात. आता दुसरी बाजू: कंपनी तुमच्या जादा विजेची वजावट तुमच्या खरेदीच्याच दराने देत असेल, तर १,३८० वाचले आणि १,५६८ बुडाले. दरवर्षी १८८ युनिटांचा तोटा! तिथे ग्रिडच फुकटची बॅटरी आहे. अशा ठिकाणी बॅटरी घ्यायची ती केवळ वीज जाते म्हणून, आणि तसंच स्वतःला सांगून घ्यायची. तिथे ‘पाच वर्षांत पैसे वसूल’ म्हणणाऱ्याने दर कोणता धरला ते लेखी मागा.

संध्याकाळचा दर वेगळा आणि महाग असेल तर १,३८० ला त्या दराने गुणा. चित्र बरंच बदलतं.

इन्व्हर्टर स्वतः किती वीज खातो? तो खर्च धरायचा का?

धरायचाच. हायब्रिड इन्व्हर्टर चोवीस तास जागा असतो आणि बरेचदा ४० ते ७० वॅट खातो. ५० धरले तर दिवसाला १.२ युनिट, वर्षाला ४३८. निम्मी रात्रीची, पूर्ण दराची: २१९. निम्मी दिवसाची, ०.४ दराने: ८८. मिळून ३०७. वरच्या ७५३ मधून हे वजा केले की ४४६ उरतात. डेटाशीटमध्ये ‘नो-लोड’ किंवा ‘स्टँडबाय’ हा आकडा शोधा. दोन इन्व्हर्टरांमध्ये २० वॅटचा फरक असेल तर दहा वर्षांत तो १,७५० युनिटांचा होतो.

बॅटरी कुठे बसवावी?

सावलीत, कोरड्या जागी, १५ ते ३० अंशांत. पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या उन्हाच्या भिंतीवर नको. उष्णतेने आयुष्य घटतं. शून्याखाली तापमान जाणाऱ्या जागी एलएफपी चार्ज करू नये, सेलमध्ये धातूरूप लिथियम साचून कायमचं नुकसान होतं. तिथे हीटर असलेली बॅटरी घ्या. झोपायची खोली, जिना आणि बाहेर पडायची एकमेव वाट टाळा. लेड-ॲसिडमधून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, तिला हवेशीर जागाच लागते. इन्व्हर्टर मात्र बॅटरीच्या शेजारी हवा, दोन मीटरच्या आत. लांब नेला की जाड केबलचं बिल वाढतं.

बॅटरी ४० टक्के दाखवते आणि अचानक बंद होते. बॅटरी खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतं, म्हणून बीएमएस आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजत टक्के ठरवतो. बरेच दिवस बॅटरी पूर्ण भरली नाही की मोजणीतली छोटी चूक साचत जाते, सेलही एकमेकांशी समतोल राहत नाहीत, आणि सर्वांत कमजोर सेल तळाला गेला की बीएमएस तोडतो. आठ-पंधरा दिवसांतून एकदा १०० टक्के भरा आणि प्रवाह जवळपास शून्यावर येईपर्यंत तशीच ठेवा. दोन-तीनदा करूनही तेच होत असेल तर ॲपमध्ये सेलचं व्होल्टेज बघा. एकच सेल इतरांपासून खूप दूर पडलेला दिसला तर वॉरंटीचा दावा करा.

दुसरं नेहमीचं कारण चुकीच्या सेटिंगचं. कम्युनिकेशन केबलची पिनजोडणी चुकली की इन्व्हर्टर बॅटरीला लेड-ॲसिड समजतो. मग ‘इक्वलायझेशन’ (लेड-ॲसिडसाठीचं जादा व्होल्टेजचं चार्जिंग) चालू होऊन व्होल्टेज ५८.४ च्या वर जातं आणि बीएमएस संरक्षणासाठी सगळं बंद करतो. सोळा सेलच्या एलएफपीला ५५ ते ५७ व्होल्टपर्यंत चार्ज पुरतो, आणि इक्वलायझेशन कायम बंद.

आता एक बॅटरी घेऊन दोन वर्षांनी दुसरी जोडता येईल का?

त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची मिळाली तर बहुधा हो. जोडण्याआधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरा. व्होल्टेजमध्ये फरक असताना समांतर जोडल्या तर भरलेलीतून रिकामीत एकदम मोठा प्रवाह जातो. केबल सारख्या लांबीच्या ठेवा. धन बाजू एका टोकाच्या बॅटरीवरून आणि ऋण बाजू दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून घ्या, नाहीतर जवळचीच बॅटरी सगळा भार ओढते. पुढे वाढवायचा विचार पक्का असेल तर बसबार आणि फ्यूजची जागा आत्ताच करून घ्या; तेवढा खर्च आता किरकोळ आहे.

सुटे सेल आणून स्वतः बॅटरी बनवली तर?

स्वस्त पडते, यात शंका नाही. पण नवे म्हणून विकलेले सेल गाडीतून काढलेले निघणं नवीन नाही, प्रमाणपत्र नसतं, आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. राहत्या घरात आम्ही हे सुचवत नाही.

थांबलो तर किमती उतरतील का?

२०१० नंतर लिथियम बॅटरी पॅकच्या किमती सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या आहेत. पण उतरते ती सेलची किंमत. मजुरी, तांबं आणि बोर्डातले बदल स्वस्त होत नाहीत. वीज रोज जात असेल तर थांबण्यात फायदा नाही. वीज जात नसेल आणि पूर्ण वजावट मिळत असेल तर खुशाल थांबा. आज पॅनल बसवताना हायब्रिड इन्व्हर्टर आणि वेगळा आवश्यक बोर्ड मात्र करून घ्या. पुढे नुसती बॅटरी जोडली की झालं.

शेवटचा हप्ता देण्याआधी काय तपासावं?

१. बॅटरी १०० टक्के भरून मेन स्विच बंद करा. दिवे न लुकलुकता किंवा निदान क्षणभरात परत यायला हवेत. राउटर रीस्टार्ट झाला का बघा.

२. सर्वांत जड मोटर बॅटरीवर सुरू करा.

३. क्षमता मोजा. एक किलोवॅटचा हीटर जोडा, मध्ये युनिट मोजणारा मीटर लावा, पॅनल बंद ठेवा. ५.१२ युनिटची बॅटरी १० टक्क्यांवर थांबेपर्यंत ४.१ ते ४.३ युनिट, म्हणजे साधारण चार ते सव्वाचार तास द्यायला हवी. साडेतीन तासांतच थांबली तर पूर्ण भरून पुन्हा मोजा; दुसऱ्यांदाही तेच आलं तर हप्ता रोखा.

४. त्याच चाचणीत तासाभराने प्रत्येक लगचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. एकच जोड शेजारच्या जोडांपेक्षा दहा-पंधरा अंशांनी गरम असेल तर तो सैल आहे. एक किलोवॅटला प्रवाह जेमतेम वीस अँपिअर असतो, म्हणून भार तीन-चार किलोवॅटवर नेऊन हीच पाहणी पुन्हा करा.

५. बॅटरी आणि इन्व्हर्टरचे सिरियल नंबर वॉरंटीच्या कागदाशी जुळवा, सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, आणि ॲपचं मुख्य खातं तुमच्या नावावर आहे ना ते बघा. ते बसवणाऱ्याच्याच नावावर राहिलं, तर त्याने धंदा बंद केल्यावर स्वतःच्याच बॅटरीचं सेटिंग तुम्हाला उघडता येत नाही.